बिटनामीचे फुकट कंटेनर बंद झाले, तरी ॲप्स चालूच राहिली. खरी काळजी तिथेच आहे!

२९ सप्टेंबर २०२५ रोजी इंटरनेटच्या पडद्यामागचं एक मोठं फुकट गोदाम रिकामं व्हायला सुरुवात झाली. गोदामाचं नाव बिटनामी. त्यातला माल म्हणजे डेटाबेस, वेब सर्व्हर, वर्डप्रेस अशी तयार बांधून ठेवलेली सॉफ्टवेअर. जगभरातले डेव्हलपर वर्षानुवर्षं ती एका कमांडवर, पैसे न देता उतरवून घेत होते.

त्या दिवशी तुमच्या मोबाईलवर बहुधा काहीच बदललं नसेल. जेवणाची ऑर्डर आली, तिकीट बुक झालं, फी भरली गेली. त्यामुळे "मग झालं काय एवढं?" असं कुणालाही वाटेल. पण सॉफ्टवेअरच्या जगात जे धाडकन बंद पडतं, ते लगेच दुरुस्त होतं. जे बिनबोभाट चालू राहतं, त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. या प्रकरणातली गोम नेमकी इथे आहे.

कंटेनर म्हणजे काय, ही गोदामं कुणाची आणि यात आपल्यासारख्या साध्या युजरचा संबंध कुठे येतो, हे पायरी पायरीने समजून घेऊ.

कंटेनर म्हणजे काय रे भाऊ?

कोडिंग करणारा एखादा मित्र असेल तर त्याच्या तोंडी एक वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल: "माझ्या मशीनवर तर चालतंय!"

कारण असं की कुठलंही ॲप एकटं चालत नाही. त्याला प्रोग्रामिंग भाषेचं ठरावीक व्हर्जन लागतं, इतरांनी लिहिलेल्या लायब्ररी लागतात, सेटिंग्ज लागतात. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर हे सगळं जुळलेलं असतं. तेच ॲप कंपनीच्या सर्व्हरवर टाकलं की एखादी लायब्ररी जुनी निघते आणि सगळं अडतं.

यावर उपाय म्हणजे कंटेनर. ॲप आणि त्याला लागणारं सगळं सामान एकाच पॅकेजमध्ये बांधायचं आणि ते जसंच्या तसं कुठेही चालवायचं. या बांधलेल्या पॅकेजला इमेज म्हणतात. फोटोशी त्याचा काही संबंध नाही. इमेज चालू केली की जे धावायला लागतं, तो कंटेनर.

याआधी एकाच सर्व्हरवर अनेक ॲप्स वेगळी ठेवायची तर प्रत्येकासाठी व्हर्च्युअल मशीन उभं करावं लागायचं. म्हणजे प्रत्येक भाडेकरूसाठी स्वतंत्र बंगला बांधण्यातला प्रकार. कंटेनर म्हणजे एकाच इमारतीतले फ्लॅट. पाया सगळ्यांचा एक, दारं मात्र वेगळी. इथे पाया म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. तो सामाईक असल्यामुळे कंटेनर हलका असतो आणि काही क्षणांत सुरू होतो.

यातलं मूळ तंत्र जुनं आहे. एका ॲपने किती मेमरी आणि प्रोसेसर वापरायचा, यावर लगाम घालणारी सोय गूगलच्या इंजिनिअरनी २००६ पासून विकसित केली आणि २००८ मध्ये ती लिनक्समध्ये आली. पण ती वापरणं सामान्य डेव्हलपरच्या आवाक्यातलं नव्हतं. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत पाच मिनिटांच्या छोट्या सादरीकरणात डॉकर दाखवलं आणि हे काम दोन-तीन कमांडवर आलं. पुढच्याच वर्षी गूगलने शेकडो कंटेनर एकत्र हाकणारी कुबरनेटीज ही प्रणाली जगासाठी खुली केली. तेव्हा गूगल स्वतः आठवड्याला २ अब्जांहून जास्त कंटेनर सुरू करत होतं.

नावाची उसनवारी बंदरावरून झाली. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' या जहाजातून ५८ पेट्या अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघाल्या आणि माल वाहतुकीचं गणितच बदललं. आज न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रेलरवर जे लोखंडी डबे दिसतात, ते त्याच पद्धतीचे. आत काहीही असो, डब्याचं माप ठरलेलं. त्यामुळे जहाज, रेल्वे, ट्रेलर कशावरही तो चढतो. सॉफ्टवेअरच्या कंटेनरचंही तसंच आहे.

मग इमेज येते कुठून?

इथे खरा विषय सुरू होतो. कुणीही डेव्हलपर पूर्ण इमेज शून्यापासून बांधत नाही. समजा तुम्हाला दुकानदारांसाठी बिलिंगचं ॲप बनवायचंय. तर आधी कुणीतरी बांधलेली लिनक्सची इमेज घ्यायची, त्यावर प्रोग्रामिंग भाषेचा थर, त्यावर तुमचा कोड. डेटाबेस लागतो, तर पोस्टग्रेसची तयार इमेज घ्यायची. वेग हवा म्हणून रेडिसची घ्यायची. तुमचा स्वतःचा कोड या सगळ्यात वरचा पातळ थर असतो. खालचं सगळं दुसऱ्यांचं.

या तयार इमेज जिथे ठेवलेल्या असतात, त्या गोदामाला रजिस्ट्री म्हणतात. सगळ्यात मोठी आणि ओळखीची रजिस्ट्री म्हणजे डॉकर हब. रेसिपीच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत कुठली इमेज घ्यायची ते नाव लिहायचं, बाकी सगळं आपोआप डाउनलोड होतं.

सोय इतकी झाली की माल कुठून येतो, तो कोण भरतं आणि खराब झाला तर कोण बदलून देतं, हे विचारण्याची गरजच कुणाला वाटेना.

बिटनामीने नेमकं काय केलं?

डॉकर हबवर बिटनामीचा मोठा विभाग होता. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, रेडिस, वर्डप्रेस अशा लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या इमेज तिथे मिळायच्या. नुसत्या मिळायच्या असं नाही, तर मूळ सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती आली की बिटनामी नवी इमेजही बांधून ठेवायची. म्हणजे माल ताजा ठेवण्याचं काम फुकटात दुसरं कुणीतरी करत होतं.

२०१९ मध्ये बिटनामी व्हीएमवेअरने विकत घेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेली. त्यानंतर महिन्याभरातच ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरची कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं आणि सगळ्या ग्राहकांना सबस्क्रिप्शनकडे वळवलं. बिटनामीची पाळी २०२५ मध्ये आली.

जुलैमध्ये जाहीर झालं की फुकट कॅटलॉगमधल्या बहुतेक इमेज 'बिटनामी लेगसी' नावाच्या वेगळ्या विभागात हलवल्या जातील आणि तिथे त्यांना कुठलंही अपडेट मिळणार नाही. सुरक्षित, अद्ययावत इमेज हव्या असतील तर सबस्क्रिप्शन घ्यायचं. प्रयोगापुरत्या मोजक्या इमेज फुकट राहतील, त्याही फक्त शेवटच्या व्हर्जनच्या. आधी २८ ऑगस्ट ही तारीख होती. मग ती २९ सप्टेंबरवर ढकलली गेली. मधल्या काळात लोकांना जाग यावी म्हणून काही इमेज २४-२४ तास मुद्दाम बंद ठेवण्याचे प्रयोगही झाले.

एक गोष्ट ब्रॉडकॉमच्या बाजूने सांगायला हवी. इमेज बांधण्याच्या रेसिपी गिटहबवर खुल्याच राहिल्या. ज्याला हवं त्याने त्या घेऊन स्वतः बांधाव्यात. बंद झालं ते आयतं बांधून मिळणं.

मग ॲप्स बंद का पडली नाहीत?

कारण इमेज गोदामातून गायब झाली तरी आधीच चालू असलेला कंटेनर थांबत नाही. इमेजची प्रत त्या सर्व्हरवर उतरलेली असते. दुकान बंद झालं म्हणून तुमच्या घरातला मिक्सर थांबतो का? तसंच.

अडचण येते ती नवीन प्रत लागली की. एखादा सर्व्हर बिघडला, त्याजागी दुसरा आला, तर तो इमेज मागायला गोदामाकडे जातो. किंवा ॲपवर अचानक गर्दी झाली, तर कुबरनेटीज आपोआप जास्तीचे सर्व्हर जोडतं आणि तेही गोदामाकडे धावतात. तिथे इमेज नसेल तर कंटेनर सुरूच होत नाही. म्हणजे निकालाचा दिवस, सेलचा दिवस, बुकिंग उघडण्याची वेळ, नेमकं त्याच वेळी हे उघडकीला येतं. एरवी सगळं सुरळीत दिसतं.

यावर पटकन होणारा इलाज म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये 'बिटनामी' या नावाच्या जागी 'बिटनामी लेगसी' लिहायचं. पाच मिनिटांचं काम. एरर गेली, बॉस खूश, विषय संपला.

पण लेगसी म्हणजे जिथे माल ठेवलाय, पण तो कुणी तपासत नाही. पाच मिनिटांत केलेली ही दुरुस्ती पुढे कित्येक महिने कुणाच्या लक्षात राहणार नाही, कारण सगळं चालू आहे.

चारच दिवसांत आली परीक्षा

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर पुढची तारीख बघा. २९ सप्टेंबरला गोदामाचा बदल लागू झाला. ३ ऑक्टोबरला रेडिसने एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती जाहीर केली.

रेडिस म्हणजे डेटा मेमरीत ठेवून ॲपला वेग देणारं सॉफ्टवेअर. लॉगिनची सत्रं, खरेदीची कार्ट, लीडरबोर्ड अशा गोष्टींसाठी ते जगभर वापरलं जातं. ही त्रुटी त्यात सुमारे १३ वर्षं दडून होती. गांभीर्याच्या मापात तिला १० पैकी १० गुण मिळाले. ज्याला रेडिसमध्ये शिरता येतं, असा हल्लेखोर खास लिहिलेली छोटी स्क्रिप्ट चालवून त्या सर्व्हरवर हवं ते करू शकत होता. ती शोधणाऱ्या विझ या सुरक्षा कंपनीने सांगितलं की इंटरनेटवर उघडी असलेली सुमारे ३,३०,००० रेडिस सापडली आणि त्यातल्या सुमारे ६०,००० ना पासवर्डच नव्हता.

आता दोन टीमचा विचार करा. पहिल्या टीमने सप्टेंबरमध्ये वेळ काढून दुसऱ्या, चालू असलेल्या स्रोताकडून रेडिसची इमेज घ्यायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी नवी इमेज उतरवली आणि मोकळे झाले. दुसऱ्या टीमने नाव बदलून लेगसी लिहिलं होतं. त्यांच्या गोदामात दुरुस्ती येणारच नव्हती. त्यांचं ॲप पहिल्या टीमइतकंच छान चालू होतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत फरक दिसला नसता.

लेगसी इमेजमुळे अमुक कंपनीचा डेटा गेला, असं इथे म्हणायचं नाही. मुद्दा दुरुस्ती पोहोचण्याच्या वाटेचा आहे. ती वाट तुटली की काय होऊ शकतं, याचं जुनं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली इक्विफॅक्स ही पत मोजणारी कंपनी. २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. कंपनीच्या एका पोर्टलवर ती बसवली गेली नाही. त्यातून शिरलेल्या हल्लेखोरांनी सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती पळवली. त्या लोकांची चूक काय होती? काहीच नाही. त्यांच्या हातात तो सर्व्हर नव्हताच.

फुकटचं दुकान बंद का होतं?

सोशल मीडियावर ब्रॉडकॉमला भरपूर शिव्या पडल्या. त्यातल्या काही रास्तही होत्या. इतक्या लोकांच्या कामाखालची जमीन हलवताना दोन-अडीच महिन्यांची मुदत कमीच म्हणायची. पण दुसरी बाजूही आहे. दर आठवड्याला नव्या त्रुटी निघतात, इमेज पुन्हा बांधाव्या लागतात, तपासाव्या लागतात, डाउनलोडचा खर्च वेगळाच. हे पैसे कुणीतरी भरतच होतं.

डॉकर कंपनीची गोष्टही हेच सांगते. जगाने तिचं तंत्र उचललं, पण कमाईचं गणित बसेना. नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठीचा व्यवसाय तिने मिरँटिसला विकला. नोव्हेंबर २०२० मध्ये फुकट डाउनलोडवर मर्यादा आली: लॉगिन न करता सहा तासांत १००. ऑगस्ट २०२१ मध्ये ठरलं की २५० हून जास्त कर्मचारी किंवा १ कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांनी डॉकर डेस्कटॉपसाठी पैसे भरायचे. मार्च २०२३ मध्ये ओपन सोर्स गटांची फुकट टीम खाती ३० दिवसांत बंद करण्याचा ईमेल गेला. एवढा गदारोळ झाला की कंपनीने माफी मागून निर्णय मागे घेतला.

बरं, मागे कंपनी नसली तरी प्रश्न सुटत नाही. बाहेरून येणारी मागणी योग्य कंटेनरकडे वळवणारं 'इनग्रेस एनजिनएक्स' हे कुबरनेटीजच्या जगातलं अतिशय लोकप्रिय सॉफ्टवेअर. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की मार्च २०२६ नंतर त्याची देखभाल थांबणार. कारण? हे काम कित्येक वर्षं एक-दोन माणसं आपली नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी करत होती. वापरणारे असंख्य, सांभाळणारे दोघं.

कुलूप कायद्याचंही असू शकतं

गोदाम बंद होण्याचं कारण दर वेळी पैसाच असतं असं नाही. मे २०२४ च्या अखेरीस रशियातल्या डेव्हलपरना डॉकर हब उघडेना. अमेरिकी कंपनी असल्यामुळे अमेरिकेचे निर्बंध पाळावे लागतात, असं कारण पुढे आलं. काही दिवसांनी सेवा परत सुरू झाली. पण तोवर तिथल्या टीमनी आपापल्या प्रती ठेवायला धावपळ सुरू केली होती.

"ते रशियाचं झालं, आपलं काय?" असं म्हणण्याआधी जुलै २०२५ आठवा. गुजरातमधल्या वाडिनारला रिफायनरी असलेल्या नायरा एनर्जीची मायक्रोसॉफ्ट सेवा युरोपीय संघाच्या निर्बंधांमुळे अचानक थांबली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. तो विषय कंटेनरचा नव्हता. पण पैसे भरणाऱ्या ग्राहकाचंही कनेक्शन परदेशातल्या कायद्यामुळे तुटू शकतं, हे त्यातून दिसलं. फुकट वापरणाऱ्याने मग कुठल्या कोर्टात जायचं?

आणि कधी कधी नुसता अपघातही पुरतो. २० ऑक्टोबर २०२५ ला अमेझॉनच्या क्लाउडमध्ये मोठा बिघाड झाला, तेव्हा त्यावर विसंबलेलं डॉकर हबही अडखळलं.

भारतातले नियम काय सांगतात?

बंदरात येणाऱ्या प्रत्येक डब्यासोबत आत काय आहे याची यादी असते. सॉफ्टवेअरसाठीही अशी यादी असते. तिला एसबॉम म्हणतात. बिस्किटाच्या पुड्यामागे मैदा, साखर, पामतेल छापलेलं असतं, तसं या सॉफ्टवेअरमध्ये कुठले भाग, कुठल्या व्हर्जनचे आहेत ते लिहायचं. भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबॉमची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची वाढवलेली दुसरी आवृत्ती आणली. शेअर बाजाराची नियामक सेबीनेही ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत एसबॉमचा समावेश केला आहे.

दुसरीकडे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. लोकांचा डेटा सुरक्षित ठेवण्यासाठी पुरेशी काळजी घेतली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. "इमेज दुसऱ्याची होती हो" हे उत्तर तिथे कितपत चालेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

मग करायचं काय?

हे वाचणाऱ्यांत डेव्हलपर, विद्यार्थी किंवा छोटा स्टार्टअप चालवणारे असतील, तर कामं सोपी आहेत.

पहिलं, सगळ्या सेटिंग फाइल्समध्ये 'बिटनामी' आणि 'बिटनामी लेगसी' हे शब्द शोधा. सापडले की यादी करा.

दुसरं, त्या इमेज बदला. पोस्टग्रेस, रेडिससारख्यांच्या डॉकरच्या अधिकृत इमेज उपलब्ध आहेत. पण डेटाबेसच्या बाबतीत नुसतं नाव बदलू नका. बिटनामीच्या इमेजमध्ये डेटा ठेवण्याची जागा आणि परवानग्या वेगळ्या असतात. आधी बॅकअप, मग चाचणी, मग बदल.

तिसरं, ज्या इमेजवर तुमचा धंदा चालतो, त्यांची प्रत स्वतःच्या रजिस्ट्रीत ठेवा. हार्बरसारखी ओपन सोर्स रजिस्ट्री त्यासाठी वापरता येते. मात्र प्रत ठेवली म्हणजे झालं, असं समजू नका. ती ताजी ठेवली नाही तर तुम्ही घरातच लेगसी तयार केलीत.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं: इमेज अपडेट करण्याचं काम एका माणसाच्या नावावर लिहा. "सगळे बघतात" म्हणजे कुणीच बघत नाही.

यात कंटेनरच्या पद्धतीची एक जमेची बाजूही आहे. २०१५ मध्ये इमेजचं सामाईक मानक ठरवण्याचं काम सुरू झालं आणि आज एका गोदामातली इमेज दुसऱ्या गोदामात सहज हलवता येते. डिसेंबर २०२५ मध्ये डॉकरने आपल्या सुरक्षित इमेजही फुकट केल्या. चांगली गोष्ट आहे, वापरा. फक्त उद्या त्याही बंद झाल्या तर आपण काय करणार, हे आजच ठरवून ठेवा.

आणि साधा युजर? त्याच्या हातात सर्व्हर नाही, पण प्रश्न आहेत. तुमच्या सोसायटीचं ॲप, मुलांच्या शाळेचं पोर्टल, गावातल्या पतसंस्थेचं नेट बँकिंग यात तुमचं नाव, नंबर, पैशांचे व्यवहार आहेत. पुढच्या मीटिंगमध्ये चालकांना एवढंच विचारा: "आपल्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरचं शेवटचं अपडेट कधी झालं आणि ते करण्याची जबाबदारी कुणाची आहे?" तारीख आणि नाव, दोन्ही लगेच मिळालं तर उत्तम. "ॲप चालतंय ना?" असं उत्तर आलं, तर ते ॲप आत्ता तपासायला लागणार आहे, असं समजा.